लिन्शोटेन : वलंदेजांस पूर्वेची वाट दाखविणारा लेखक

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ बंधुभगिनींनी समुद्र कधी पाहिला नसेल. वर्धा आणि पैनगंगा ह्यांचे पाणी मात्र प्राणहितेतून गोदावरीस मिळून समुद्रास जाते, आणि समुद्रावरून आलेल्या वस्तू आपल्या घराघरांत आहेत. तान्हे मूल रात्री झोपेनासे झाले म्हणजे आजी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळून त्यास चाटविते. आठवड्याच्या बाजारातून चिमूटभर लवंगा घरी येतात. ह्याच जायफळासाठी एके काळी काही लहानशा बेटांवरील माणसे जवळजवळ निर्वंश करण्यात आली, आणि ते करणारे लोक आपल्यासारखेच प्रॉटेस्टंट ख्रिस्ती म्हणविणारे होते, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्या लोकांस मराठीत वलंदेज म्हणतात. त्यांचा देश हॉलंड. पूर्वेच्या समुद्राची वाट त्यांस ज्याच्या पुस्तकाने दाखविली, तो मनुष्य आपल्या गोव्यात पाच वर्षे राहिला होता. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्याचे नाव यान हाउखेन व्हान लिन्शोटेन. तो सुमारे १५६३ साली हॉलंडातील हार्लेम शहरी जन्मला. तो लहान असतानाच त्याचे कुटुंब एन्कहाउझेन ह्या बंदरी जाऊन राहिले. तो काळ मोठा बिकट होता. हॉलंडावर स्पेनच्या राजाची सत्ता होती. पवित्र शास्त्र आपल्या भाषेत वाचू इच्छिणाऱ्या व रोमच्या मंडळीपासून वेगळे होणाऱ्या लोकांचा तेथे छळ होत असे; कित्येकांस जिवंत जाळण्यात आले. अखेरीस लोकांनी बंड केले. १५७२ साली एन्कहाउझेनने ऑरेंजच्या राजपुत्राचा पक्ष घेतला. हार्लेमनेही घेतला, तेव्हा स्पेनच्या सैन्याने हार्लेमला वेढा दिला. सुमारे सात महिने शहराने तग धरला. धान्य संपले, उपासमार झाली, आणि जुलै १५७३ मध्ये शहर शरण आले. शरण आलेल्या शेकडो शिपायांस मग ठार करण्यात आले. लिन्शोटेन त्या वेळी दहा वर्षांच्या आसपास होता. आपल्या जन्मगावाची ही कथा त्याच्या पिढीतील प्रत्येक मुलाच्या कानी पडली असलीच पाहिजे. वाचकांनी हार्लेमचे हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लढाई चालू असली तरी व्यापार बंद पडला नव्हता. हॉलंडची तारवे शत्रूच्याच बंदरांत जात येत असत. लिन्शोटेनचे भाऊ स्पेन देशात व्यापारात होते. ह्यालाही लहानपणापासून दूरदेशांची वर्णने वाचण्याचा नाद होता. तेव्हा वयाची विशी गाठण्यापूर्वीच तो घर सोडून त्यांच्याकडे सेव्हिल शहरी गेला. १५८० साली पोर्तुगालही स्पेनच्या राजाच्या हाती आले, आणि पुढे हा तरुण लिस्बन येथे जाऊन राहिला. हिंदुस्थानास जाणारे आरमार तेथूनच निघत असे. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदावर व्हिसेंते द फोन्सेका नावाचे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू नेमले गेले होते. भावाच्या खटपटीने लिन्शोटेनला त्यांच्या पदरी लेखकाची जागा मिळाली. एप्रिल १५८३ मध्ये तारू लिस्बनहून सुटले आणि आफ्रिकेस वळसा घालून, मोझांबिकला थांबून, सप्टेंबरात गोव्यास पोहोचले.

आज ज्यास जुने गोवे म्हणतात, तेच त्या वेळचे वैभवशाली शहर. मांडवीच्या काठी मोठमोठी देवळे, वाडे व बाजार होते. फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, ते १५१० साली घेतले होते. लिन्शोटेन कचेरीत लिहिण्याचे काम करी आणि उरलेल्या वेळात डोळे व कान उघडे ठेवी. नारळापासून काय काय होते, आंबा व फणस कसा असतो, मिरीचे वेल कसे चढतात, शेतकरी, कोळी व सोनार कसे राहतात, ब्राह्मण कोणते आचार पाळतात, हे सर्व तो टिपून ठेवी. चित्रेही काढी.

शहराचे वैभव त्याने पाहिले, तशी त्याची कीडही पाहिली. मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे. त्यात अरबी घोडे विकत, मसाले विकत, आणि माणसेही विकत. आफ्रिकेतून व इतर देशांतून आणलेल्या स्त्रीपुरुषांस गुरांप्रमाणे उभे करून त्यांची किंमत होत असे. कित्येक फिरंगी स्वतः काडीचेही काम न करता गुलामांच्या कमाईवर जगत आणि बाहेर पडताना गुलामाकडून डोक्यावर छत्री धरवीत. अंमलदारांची नेमणूक तीन वर्षांची असे, आणि बहुतेकांचे लक्ष तेवढ्या अवधीत आपली थैली भरण्याकडे असे. किल्ल्यांची डागडुजी, तोफांची निगा व रयतेचे हित ह्यांची चिंता कोणास नव्हती. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या ह्या राज्यास आतून वाळवी लागली आहे, हे ह्या तरुण लेखकाने ओळखले. ह्याच शहरी १५६० पासून धर्मन्यायसभा चालू होती. पाखंडाचा आळ येताच मनुष्य तिच्या तुरुंगात पडे.

१५८३ च्या अखेरीस चार इंग्रज कैद करून गोव्यात आणण्यात आले. त्यांपैकी राल्फ फिच हा पुढे प्रसिद्धीस आला. ते हेर असावेत असा फिरंग्यांस संशय होता. त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामी दोघांनी साहाय्य केले. एक हा लिन्शोटेन. दुसरे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स. फिच पुढे गोव्याहून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडे व बुऱ्हाणपूर ह्या वाटेने मोगल बादशहाच्या मुलखात गेला.

फादर स्टीफन्स ह्यांचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नसावे. ते १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच वारले. साष्टीच्या खेड्यांत त्यांचे बहुतेक आयुष्य गेले. लोकांची भाषा ते मनापासून शिकले आणि आपल्या तारणाऱ्याची कथा त्यांनी मराठी ओवीत रचली. तो ग्रंथ म्हणजे क्रिस्तपुराण. तो १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापला गेला. त्यांच्या मंडळीच्या कित्येक मतांशी आपला मतभेद आहे. तरी नव्या ख्रिस्ती लोकांच्या हाती त्यांच्याच भाषेत काही द्यावे ही त्यांची तळमळ आपणांस मान्य केलीच पाहिजे. एकाच शहरी, एकाच काळी हे दोन विद्वान परदेशी पुरुष कान देऊन ऐकत होते. एकाने येथील लोकांपासून जे घेतले ते येथील लोकांसच परत दिले. दुसऱ्याने जे घेतले ते कोणास दिले, हे आता पाहू.

लिन्शोटेन स्वतः गोवे व कोचीन ह्यांपलीकडे फारसा फिरला नाही. परंतु गोव्याच्या धक्क्यावर सर्व पूर्वेकडील तारवे लागत. मलाक्का, चीन, जपान, मोलुका येथून येणारे व्यापारी व सुकाणू धरणारे वाटाडे त्यास भेटत. कोणत्या महिन्यात कोणता वारा वाहतो, खडक कोठे आहेत, पाण्याची खोली किती, कोणत्या बेटावर कोणता माल निघतो, ह्याची टिपणे वाटाडे जवळ बाळगीत. फिरंगी राजाने ही माहिती परक्यांच्या हाती पडू नये म्हणून फार काळजी घेतली होती. ती लिन्शोटेनने मिळविली आणि उतरून घेतली. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांचीच माहिती अशी नेणे योग्य होते काय? तो स्पेनच्या राजाविरुद्ध लढणाऱ्या देशाचा होता, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. इतके खरे की, आर्चबिशपच्या घरचा विश्वास त्यास लाभला नसता, तर त्या धक्क्यावर त्यास कोणी इतके सांगितले नसते.

१५८७ साली आर्चबिशप काही कामानिमित्त युरोपास निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. ही बातमी पुढल्या वर्षी गोव्यास आली. आश्रयदाता गेल्यावर लिन्शोटेनचे मन घरी ओढू लागले. १५८८ च्या अखेरीस तो गोवे सोडून कोचीनला गेला, आणि १५८९ च्या आरंभी मिरीने भरलेल्या सांताक्रुझ नावाच्या तारवावर त्या मिरीचा हिशेब ठेवणारा गुमास्ता म्हणून निघाला. त्याच तारवावर त्याच्या एन्कहाउझेन गावचाच डिर्क खेरित्स नावाचा गोलंदाज होता. तो चीन व जपान पाहून आला होता. त्याच्यापासूनही ह्याने पुष्कळ माहिती घेतली. वाटेत अटलांटिक महासागरातील तेर्सेरा बेटावर इंग्रज लढाऊ तारवांच्या भीतीने व बुडालेल्या एका तारवाचा माल काढण्याच्या कामाने त्यास दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडावे लागले. १५९२ च्या सप्टेंबरात तो एन्कहाउझेनला आपल्या आईच्या घरी पोहोचला. गेला तेव्हा पोर होता. परतला तेव्हा तिशीजवळ आला होता.

त्यानंतर त्याने जे लिहिले त्याने जगाचा इतिहास फिरला. आम्सटरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास नावाच्या प्रकाशकाने त्याची जलमार्गांची माहिती १५९५ साली आणि मुख्य प्रवासवर्णन १५९६ साली प्रसिद्ध केले. गावचे वैद्य पालुदानुस ह्यांनी त्यात टिपा घातल्या. १५९८ साली त्याची इंग्रजी व जर्मन भाषांतरे झाली. पुढे लॅटिन व फ्रेंच झाली. त्यात दोन गोष्टी सर्वांच्या नजरेत भरल्या. एक, फिरंग्यांचे राज्य आतून पोकळ झाले आहे. दुसरी, जावा बेटाकडे त्यांचे फारसे येणेजाणे नाही; तेव्हा मलाक्का टाळून सुंदा सामुद्रधुनीकडून गेल्यास त्यांच्याशी गाठ न पडता व्यापार करता येईल.

मध्यंतरी त्याने स्वतः दुसरी वाट शोधून पाहिली. रशियाच्या उत्तरेकडून बर्फाच्या समुद्रातून चीनला जाता येईल, अशी काही लोकांस आशा होती. १५९४ व १५९५ अशी दोन वर्षे लिन्शोटेन त्या सफरींवर गेला. पहिल्या खेपेस तो कारा समुद्रापर्यंत पोहोचला. दुसऱ्या खेपेस बर्फाने वाट अडविली. त्या वाटेने काही साधले नाही. त्याचे पुस्तक मात्र दक्षिणेकडून कामास आले. एप्रिल १५९५ मध्ये कॉर्नेलिस हाउटमान ह्याची चार तारवे हॉलंडहून निघाली; लिन्शोटेनच्या जलमार्गांची माहिती त्यांच्याबरोबर होती. जून १५९६ मध्ये ती जावाच्या बांटाम बंदरी लागली. निघालेल्या सुमारे अडीचशे माणसांपैकी शंभरही परतले नाहीत. परंतु वाट खरी आहे हे सिद्ध झाले. मग एकामागून एक तारवे सुटली, आणि मार्च १६०२ मध्ये सर्व व्यापारी मिळून वलंदेजांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तहनामे करण्याचा, किल्ले बांधण्याचा व युद्ध करण्याचाही अधिकार तिला देण्यात आला.

लिन्शोटेन त्या कंपनीच्या चाकरीवर पूर्वेस गेला नाही. तो आपल्या गावचा खजिनदार झाला, गावच्या इस्पितळाची देखरेख करू लागला आणि पुस्तके भाषांतरित करीत राहिला. ८ फेब्रुवारी १६११ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, एन्कहाउझेन येथे त्याचा अंत झाला. त्याच्या हातून कोणाचे रक्त सांडले असे कोठे लिहिलेले नाही. तो शांत, उद्योगी व जिज्ञासू गृहस्थ होता.

परंतु मनुष्य जातो आणि त्याचे काम मागे राहते. त्याने दाखविलेल्या वाटेने गेलेल्या लोकांनी पुढे काय केले, ते सांगितल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होत नाही. आपल्या कोकणात त्यांनी विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याची कोंडी करणाऱ्या आरमारास तेथून अन्नपाणी पुरविले जाई. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. १६५६ साली त्यांनी कोलंबो व १६६३ साली कोचीन फिरंग्यांपासून घेतले. राजाराजांच्या अशा लढाया जगात पुष्कळ झाल्या आहेत. त्यांविषयी आज आम्हांस बोलावयाचे नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते बांडा बेटांविषयी.

त्या काळी जायफळ व जायपत्री सर्व जगात ह्या चिमुकल्या बेटांतच होत असे. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या जावाच्या, मलाक्काच्या, येईल त्या व्यापाऱ्यास माल विकीत. कंपनीने त्यांच्याकडून सर्व जायफळ आम्हांसच द्यावे असे करार लिहून घेतले. बेटावर भात पिकत नसे. तांदूळ व कापड बाहेरूनच घ्यावे लागे. ते जे देतील त्यांस माल दिल्यावाचून लोकांस गत्यंतर नव्हते. करार मोडला असे म्हणून १६२१ साली कंपनीचा मुख्य अंमलदार यान पीटरसोन कून मोठे आरमार घेऊन आला. गावे जाळण्यात आली. चव्वेचाळीस पुढाऱ्यांचा शिरच्छेद करण्यात आला. लोक डोंगरांत पळाले आणि तेथे भुकेने व रोगाने मेले. शेकडो लोकांस धरून बटाव्हियास नेण्यात आले. सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी हजारभर माणसेच काय ती बेटांवर उरली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ओसाड पडलेल्या बागा कंपनीने आपल्या लोकांस वाटून दिल्या, आणि त्यांत राबण्यासाठी गुलाम आणले. मालकांनी कूनला सौम्य शब्दांत ठपका दिला व बक्षीसही दिले.

वाचकहो, आता हार्लेमची आठवण करा. १५७३ साली परक्या राजाच्या सैन्याने एका शहरास उपाशी ठेविले, आणि शरण आल्यावर कापून काढले. त्या अन्यायाविरुद्ध वलंदेजांनी देवाकडे आक्रोश केला आणि प्रभूने त्यांस सोडविले. त्यानंतर पन्नास वर्षेही झाली नव्हती. हार्लेममधून वाचलेली मुले अजून म्हातारपणी जिवंत असतील. तोच त्यांच्या भाऊबंदांनी समुद्रापलीकडे दुसऱ्यांचे हार्लेम केले. कंपनीच्याच चाकरीतील एका मनुष्याने पुढे लिहून ठेविले की, आपण जसे आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलो, तसेच हे लोकही लढले. एकास तरी ते दिसले होते. गोव्याच्या लिलावात माणसे विकतात हे लिन्शोटेनच्या पुस्तकात हॉलंडच्या हजारो लोकांनी वाचले होते. फिरंग्यांचे राज्य कशाने पोकळ झाले हेही वाचले होते. त्यांनी त्या पुस्तकातून वारे व खडक शिकून घेतले. तो धडा घेतला नाही.

आणखी एक गोष्ट सांगून पुरे करू. मत्तयाचे शुभवर्तमान मलय भाषेत १६२९ साली छापले गेले, आणि तेही लिन्शोटेनच्याच एन्कहाउझेन गावी. ज्या बंदरातून जायफळाची तारवे येत जात, त्याच बंदरातून देवाचे वचन निघाले. वचन पवित्रच होते. परंतु बांडाच्या उरल्यासुरल्या लोकांनी ते कोणाच्या हातून घ्यावे? ते पुस्तक पुढे करणाऱ्या हाताकडे पाहून त्यांच्या मनात काय आले असेल, ह्याचा विचार आपल्या उपदेशकांनी करावा.

कारण हा विचार आपल्या दाराशी आहे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणी एके काळी गावकुसाबाहेर होती. त्यांस पाण्यावर जाता येत नसे, शाळेत बसता येत नसे, सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठवावा लागे. प्रभूने आपणांस उचलले, अक्षर दिले, आणि कोणास शिक्षकाचे, कोणास उपदेशकाचे, कोणास कचेरीतले काम दिले. आज गावातील अडाणी म्हातारा सातबाराचा उतारा घेऊन आपल्याच ओट्यावर येतो आणि वाचून दाखवा म्हणतो. त्याचा विश्वास आपणांस लाभला आहे, जसा आर्चबिशपच्या घरच्या लेखकास लाभला होता. त्या कागदावरून आपण त्याचे शेत वाचवितो, की कोणत्या वर्षी ते स्वस्तात मिळेल हे मनात टिपून ठेवितो? आपल्याहून गरीब असलेला पारधी वा कोलाम मजूर आपल्या शेतात कापूस वेचावयास येतो, तेव्हा त्याचे वजन आपण सरळ करितो काय? मिसर देशातून सुटलेल्या इस्राएलांस देवाने मोशेच्या द्वारे पुनःपुन्हा बजाविले की, आपण तेथे परके होतो हे विसरू नये आणि आपल्यामधल्या परक्यास गांजू नये. सुटलेल्यासच ही आज्ञा लागते, कारण विसरण्याचा मोह त्यासच होतो.

लिन्शोटेनला देवाने तीक्ष्ण डोळे, सुंदर हस्ताक्षर व अथक उद्योग दिला होता. त्याने त्यांचा उपयोग केला, आणि जगाचे दार उघडले. दार उघडणाऱ्याने आत कोण जात आहे आणि कशासाठी, हे विचारिले पाहिजे. पुढल्या वेळी घरात जायफळ उगाळले जाईल, तेव्हा बांडाच्या लोकांची आठवण धरावी. आणि आपल्या ओट्यावर कागद घेऊन आलेल्या मनुष्यास आत बोलावून, पाणी देऊन, तो कागद त्यास खरा खरा वाचून दाखवावा.